लॉगबुक ऑफ द वर्ल्ड : पोचपावती फुकट, पण कागदपत्रं चोख हवीत

हॅम रेडिओत, म्हणजे हौशी रेडिओत, क्यूएसओ (दोन स्टेशनांमधला संपर्क) होतो दोन मिनिटांत, त्याची पोचपावती हातात यायला मात्र दोन वर्षं लागू शकतात. पोचपावतीचं कार्ड ब्युरोमार्फत, म्हणजे हॅम संघटनेच्या कार्ड वाटणाऱ्या केंद्रामार्फत, पाठवलं तर ते आपल्या ब्युरोतून त्यांच्या ब्युरोत आणि तिथून त्या माणसाकडे जातं, परतीचा प्रवासही तसाच. थेट पाठवायचं तर पाकीट, परतीचं पाकीट आणि आत ‘ग्रीन स्टॅम्प’, म्हणजे डॉलरच्या नोटा. त्या वाटेतच गायब होणं हा या छंदाचा जुना कर. यावर अमेरिकेच्या राष्ट्रीय हॅम संघटनेने, एआरआरएलने, २००३ मध्ये लॉगबुक ऑफ द वर्ल्ड ही सेवा काढली. लांबलचक नाव कोणी घेत नाही, सगळे एलओटीडब्ल्यू म्हणतात.

आधी निकाल सांगून टाकू: डीएक्सचा, म्हणजे दूरदेशीच्या संपर्कांचा, थोडाही नाद असेल तर खातं उघडाच. पण ही सेवा आखडू सरकारी कचेरीसारखी आहे. नियमात बसलात तर काम बिनबोभाट होतं. नाही बसलात तर काय चुकलं हे ती नीट सांगतही नाही.

कल्पना सोपी आहे. दोघांनी आपापला लॉग (संपर्कांची नोंदवही) चढवायचा. दोन्हीकडचे कॉलसाइन (परवान्यासोबत मिळणारी स्टेशनची ओळख), बँड आणि मोड जुळले आणि वेळेत तीस मिनिटांपेक्षा जास्त फरक नसला की क्यूएसएल, म्हणजे पोचपावती, झाली. सिग्नलचा रिपोर्ट ५९ दिला की ५७, याच्याशी तिला देणंघेणं नाही. लॉग चढवणं आणि जुळणी फुकट. पैसे लागतात ते जुळलेली नोंद डीएक्ससीसीसारख्या, म्हणजे किती देशांशी संपर्क झाला ते मोजणाऱ्या, पुरस्कारासाठी वापरताना. डीएक्ससीसीसाठी अमेरिकेबाहेरच्यांना एआरआरएलच्या सदस्यत्वाची अट नाही. याच नोंदी सीक्यूच्या डब्ल्यूपीएक्स आणि डब्ल्यूएझेड या पुरस्कारांसाठीही चालतात. ईक्यूएसएल या दुसऱ्या ऑनलाइन सेवेवर कार्डांची चित्रं सुंदर असतात, पण ती डीएक्ससीसीला चालत नाहीत. इथे चित्र नाही, नुसती नोंद, आणि ती चालते. त्यामागचं कारण म्हणजे प्रत्येक नोंदीवर असलेली डिजिटल सही.

या सहीपायीच सुरुवातीचा खटाटोप आहे. टीक्यूएसएल नावाचा प्रोग्राम उतरवून त्यातून कॉलसाइन सर्टिफिकेटची मागणी करायची. अमेरिकन माणसाला त्याच्या परवान्यावरच्या पत्त्यावर एक पोस्टकार्ड येतं, त्यावरच्या कोडने काम भागतं. आपल्याला परवान्याची प्रत आणि आणखी एका अधिकृत ओळखपत्राची प्रत एआरआरएलकडे पाठवावी लागते. दोन्हीवर नाव एकसारखं असलेलं बरं. एकीकडे आडनाव आधी आणि दुसरीकडे वडिलांचं नाव मधे, असा आपल्याकडचा नेहमीचा घोळ असेल तर चार ओळींचा खुलासा जोडावा.

तपासणी झाली की ईमेलने टीक्यू६ फाईल येते. इथे पहिला खड्डा आहे. सहीची खासगी किल्ली मागणी करतानाच तुमच्या संगणकावर तयार होते आणि तिथेच राहते. टीक्यू६ ही त्या किल्लीची फक्त जोडीदार. मधल्या काळात विंडोज नव्याने टाकलं किंवा दुसऱ्या लॅपटॉपवर फाईल उघडली, तर ती निरुपयोगी. मागणी पुन्हा पहिल्यापासून. म्हणून मागणी ज्या मशिनवर केली तिथेच फाईल उघडायची आणि लगेच टीक्यूएसएलच्या मेनूतून बॅकअप घ्यायचा. ही टीबीके फाईल पेनड्राइव्हवरही ठेवायची. नुसतं सर्टिफिकेट दुसऱ्या मशिनवर न्यायचं असेल तर पी१२ फाईल काढता येते. तिला दिलेला पासवर्ड आणि वेबसाइटचा पासवर्ड वेगवेगळे असतात. या दोघांची गल्लत करून अर्धी संध्याकाळ घालवणारे कमी नाहीत.

दुसरा खड्डा तारखांचा. मागणी करताना ‘या कॉलसाइनवरचा पहिला क्यूएसओ कधीचा’ असं विचारतात. बरेच जण तिथे आजची तारीख ठेवून पुढे जातात. मग दहा वर्षांचा जुना लॉग चढवायला घेतला की प्रत्येक नोंद तारीख हद्दीबाहेर म्हणून नाकारली जाते. परवाना मिळाल्याची तारीख घालावी, म्हणजे प्रश्न मिटला.

भारतीयांना या तारखा जास्त छळतात, कारण आपल्याकडे कॉलसाइन बदलतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याचा व्हीयू३ कॉल जनरल ग्रेडला गेला की व्हीयू२ होतो. एलओटीडब्ल्यूच्या लेखी ही दोन वेगळी स्टेशनं. जुन्या कॉलला शेवटची तारीख घालून एक सर्टिफिकेट आणि नव्याला त्याच्या पहिल्या दिवसापासून दुसरं, अशी दोन हवीत. दोन्ही एकाच खात्यात ठेवता येतात आणि डीएक्ससीसीसाठी दोन्हीकडचे देश एकत्र मोजून घेता येतात. व्हीयू३ असतानाचे सत्तर देश वाया गेले असं समजून पुन्हा शून्यापासून सुरू करणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावं.

स्पर्धांसाठी डब्ल्यूपीसीची, म्हणजे परवाने देणाऱ्या सरकारी विभागाची, परवानगी मिळवून घेतलेल्या एटी किंवा एयू प्रीफिक्सचंही (कॉलसाइनच्या सुरुवातीच्या भागाचंही) असंच. डब्ल्यूपीएक्स स्पर्धेत वेगवेगळे प्रीफिक्स जितके मिळतील तितक्याने गुण गुणले जातात, म्हणून एटी२ ऐकलं की जग तुटून पडतं. पण नंतर त्या कॉलचं सर्टिफिकेट काढलं नाही तर दोन दिवसांत दिलेल्या शेकडो क्यूएसओंची पोच कोणालाच मिळत नाही. मागणीत परवानगीपत्राच्या नेमक्या तारखा घालाव्यात आणि पत्राची प्रत जोडावी. ‘/पी’ लावून काम केलं असेल तर तोही एलओटीडब्ल्यूच्या दृष्टीने स्वतंत्र कॉल. मात्र त्याची मागणी मूळ सर्टिफिकेटने सही करून करता येते.

सर्टिफिकेट बसलं की स्टेशन लोकेशन भरायचं. त्यात झोन, म्हणजे जगाचे क्रमांक दिलेले विभाग, लागतात: भारतासाठी सीक्यू झोन २२ आणि आयटीयू झोन ४१. लक्षद्वीपचेही हेच झोन. अंदमान-निकोबार मात्र सीक्यू २६, आयटीयू ४९. व्हीयू४ (अंदमान-निकोबार) आणि व्हीयू७ (लक्षद्वीप) हे डीएक्ससीसीच्या यादीत भारतापासून वेगळे मोजले जातात. त्यामुळे बेटांवरून केलेला लॉग घरच्या लोकेशनने सही करून चढवला तर समोरच्याला दुर्मीळ देशाऐवजी साधा भारत मिळतो आणि तुम्हाला जगभरातून मेल मिळतात. महाराष्ट्र किंवा गोवा निवडायला रकाना शोधू नका. काही मोजक्या देशांसाठी राज्यांची यादी आहे, त्यात भारत नाही.

ग्रिड लोकेटर, म्हणजे अक्षांश-रेखांशांच्या चौकटीचा कोड, लोक अंदाजाने टाकतात, आणि महाराष्ट्रात अंदाज चुकायला फार वाव आहे. १९ अंश उत्तर ही रेषा मुंबईतून लोअर परळ-प्रभादेवीच्या आसपास जाते. तिच्या दक्षिणेला एमके६८, उत्तरेला एमके६९. म्हणजे कुलाबा आणि बोरिवली दोन वेगळे ग्रिड. नाशिकमधून तर २० अंशाची रेषाच जाते, तिथे एका बाजूला एमके६९ आणि दुसऱ्या बाजूला थेट एमएल६०. पुणे शहर एमके६८, पण सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरच्या आसपास ७४ अंश रेखांश लागतो आणि एमके७८ सुरू होतो. कोल्हापूर एमके७६, नागपूर एमएल९१, पणजी एमके६५. एचएफवर (शॉर्टवेव्हवर) देश मोजणाऱ्याला याने फरक पडत नाही, सॅटेलाइटवर ग्रिड गोळा करणाऱ्याला पडतो. मोबाइलच्या जीपीएसवर एकदा बघून घ्यायला काय जातं?

सॅटेलाइटवाल्यांसाठी आणखी एक. लॉगमधल्या नोंदीत प्रसारणाचा प्रकार सॅटेलाइट असा आणि उपग्रहाचं नाव एलओटीडब्ल्यूच्या यादीतल्यासारखंच नेमकं हवं: एसओ-५०, आरएस-४४, क्यूओ-१००. नाव दोघांपैकी एकानेही सोडलं तर जुळणी नाही. बँड बरोबर, वेळ बरोबर आणि तरी क्यूएसएल येत नाही, असं झालं की आधी हे दोन रकाने पाहावेत.

आता सगळ्यात मोठा, सगळ्यात साधा आणि सगळ्यात जास्त घडणारा घोटाळा: भारतीय वेळ. लॉग यूटीसीमध्येच, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेतच, हवा. आपली वेळ साडेपाच तास पुढे आणि जुळणीची सवलत अर्ध्या तासाची. त्यामुळे घड्याळाप्रमाणे लिहिलेला लॉग चढतो व्यवस्थित, चूकही दाखवली जात नाही, फक्त एकही नोंद जुळत नाही. तासात दुरुस्ती करून तारीख विसरणं हा त्याचा धाकटा भाऊ. मध्यरात्रीपासून पहाटे ५:२९ पर्यंत यूटीसीची तारीख आदल्या दिवसाची असते. २६ ऑक्टोबरला रात्री २:१० ला केलेला संपर्क लॉगमध्ये २५ ऑक्टोबर, २०:४० असा हवा. सीक्यू वर्ल्डवाइड ही स्पर्धा आपल्या वेळेने शनिवारी पहाटे साडेपाचला सुरू होऊन सोमवारी पहाटे ५:२९ ला संपते. कागदावर लॉग लिहून नंतर संगणकात भरणारे दोन्ही रात्री याच फटीत सापडतात. लॉगिंग प्रोग्राम वापरत असाल तर संगणकाचा टाइम झोन भारतीय ठेवा आणि रूपांतर प्रोग्रामला करू द्या. घड्याळच पाच तास तीस मिनिटं मागे केलं आणि झोन तसाच ठेवला तर वजाबाकी दोनदा होते.

स्पर्धेचा लॉग चढवणं तसं सोपं. टीक्यूएसएल एडीआयएफ (लॉगची नेहमीची फाईल) घेतं आणि कॅब्रिलोही (स्पर्धेच्या लॉगची फाईल), त्यामुळे आयोजकांना पाठवलेली फाईल तशीच चालते. सीक्यू वर्ल्डवाइडला लॉग पाच दिवसांत द्यावा लागतो, एलओटीडब्ल्यूला मुदत नाही, म्हणून कॉल एकदा तपासून मगच सही करावी. एकदा चढलेली नोंद पुसता येत नाही. चुकीचा कॉल तिथे कायमचा पडून राहतो, आपण फक्त बरोबर नोंद वेगळी चढवू शकतो. जुना लॉग पुन्हा चढवायला गेलात तर टीक्यूएसएल दुबार नोंदी ओळखून थांबवतं, तिथे ‘तरीही चढव’ असं सांगू नये. मोठ्या स्पर्धेनंतर सगळं जग एकदम तुटून पडतं आणि रांग लांबते. त्या आठवड्यात रोज खातं उघडून बघण्यात अर्थ नाही.

वेबसाइटचं रूप २००३ मध्येच थांबलं आहे. निळे दुवे, लांब तक्ते, मोबाइलवर वाचायला बोटांनी ताणावं लागतं. त्याबद्दल गुण कापावेत असं वाटत नाही. जाचक आहे ती सर्टिफिकेटची तीन वर्षांची मुदत. संपण्याआधी टीक्यूएसएल आठवण करून देतं, तेव्हाच जुन्याने सही करून नवं मागवलं तर काम मिनिटांचं.

राहिला मालकीचा प्रश्न. ही जागतिक सेवा आहे, पण चालवते एका देशाची संघटना. मे २०२४ मध्ये एआरआरएलच्या यंत्रणेवर खंडणीखोरांचा सायबर हल्ला झाला आणि एलओटीडब्ल्यू बंद पडलं ते १ जुलैला परत आलं. खंडणी दहा लाख डॉलर दिल्याचं संघटनेने ऑगस्टमध्ये सांगितलं, त्यातला बराचसा भाग विम्यातून आला. लॉग सुरक्षित राहिले, हे महत्त्वाचं. पण त्या आठवड्यांत संघटना माहिती किती तुटक देत होती, यावर तिच्याच सदस्यांनी रान उठवलं. एआरआरएलचे संचालक अमेरिकेतल्या पंधरा डिव्हिजनमधून निवडले जातात. पुण्या-मुंबईतला वापरकर्ता त्यांना जाब विचारू शकत नाही, ना मताने, ना वर्गणीने. आपल्या एआरएसआयकडे, म्हणजे भारतातल्या हॅम संघटनेकडे, ब्युरो आहे, कागदी कार्डांसाठी तो लागतोच, पण या तोडीची जुळणीची सेवा नाही. तेव्हा मूळ एडीआयएफ लॉग आपल्याकडे दोन ठिकाणी ठेवावा. एलओटीडब्ल्यू पोचपावती देतं, त्याला लॉगची तिजोरी समजू नये.

एक सोय मात्र फार कमी जण वापरतात. साइटवर कॉलसाइन शोधला की त्या स्टेशनने शेवटचा लॉग कधी चढवला ती तारीख दिसते. दुर्मीळ स्टेशनला थेट कार्ड पाठवण्याआधी ती बघावी. तारीख काही वर्षांपूर्वीची असेल तर डॉलर घालून पाकीट रवाना करा. गेल्या आठवड्याची असेल आणि तरी जुळणी दिसत नसेल, तर पाकीट बाजूला ठेवा आणि आपल्या लॉगमधली वेळ यूटीसीत आहे का ते आधी बघा.