नोंदणीच्या पानावर स्पष्ट उत्तर द्यावे की सर्वांना सारखे?

खाते उघडू पाहणाऱ्याने आधीच नोंदलेला ईमेल पत्ता टाकला, तर ‘या पत्त्यावर खाते आहे’ असे तिथेच सांगावे, की प्रत्येकाला ‘पुढची सूचना ईमेलवर पाठवली आहे’ एवढेच दाखवावे? नाशिकमध्ये गंगापूर रोडवरील एका व्यसनमुक्ती समुपदेशन केंद्राची ऑनलाइन नोंदणी उभारताना मी दोन्ही पद्धती काही महिने वापरून पाहिल्या.

स्पष्ट उत्तराची सोय नाकारता येत नाही. पूर्वी नोंदणी केल्याचे विसरलेला माणूस लगेच लॉगिनकडे वळतो. सारख्या उत्तरात तो ईमेलची वाट पाहतो, आणि ईमेल स्पॅममध्ये गेला तर केंद्रात फोन करतो. सुरुवातीला असे फोन बरेच आले.

स्पष्ट उत्तर ठेवायचे, तर कोणी हजारो पत्ते तपासू नयेत म्हणून कॅप्चा आणि प्रयत्नांची मर्यादा हवी. ती आम्ही घातली होती. तरीही केंद्रात येणाऱ्या एका गृहस्थांच्या मेव्हण्यांनी संशयावरून त्यांचा पत्ता आमच्या पानावर टाकला आणि पानाने त्यांना होकार दिला. ओळखीच्या माणसाला एकच प्रयत्न पुरतो. त्याला कोणती मर्यादा अडवणार? ते गृहस्थ पुन्हा केंद्रात आले नाहीत, हे मला अजून बोचते.

सारखे उत्तर नीट पाळणे मात्र कष्टाचे आहे. २०१५ मध्ये ॲशले मॅडिसन या विवाहबाह्य संबंध जुळवणाऱ्या संकेतस्थळाच्या पासवर्ड बदलण्याच्या पानावर दोन्ही वेळा मजकूर एकच दिसत असे, पण खाते नसेल तर पत्त्याची चौकट तशीच राहत असे आणि असेल तर नाहीशी होत असे. तेवढ्यावरून खातेदार ओळखता येत होते. पासवर्डचे हॅशिंग, म्हणजे तो साठवण्याआधी न ओळखता येणाऱ्या रूपात बदलण्याचे वेळखाऊ काम, फक्त नव्या खात्यासाठी होत असेल, तर उत्तराला लागणारा वेळही गुपित फोडतो. म्हणून आम्ही पहिल्या पानावर पासवर्ड विचारतच नाही, ईमेल पाठवण्याचे काम मागाहून होते, आणि लॉगिनच्या पानालाही हाच नियम लावला आहे.

द्राक्षबागेची औषधे विकणाऱ्या दुकानासाठी मी कदाचित स्पष्ट उत्तरच सुचवीन, कारण तिथे खाते असल्याने कोणाचे काही उघड होत नाही. जिथे नुसते खाते असणे हीच खाजगी बाब आहे, तिथे मात्र माझा कल सारख्या उत्तराकडे आहे. ‘आपले खाते आधीपासून असले तरी ईमेल येईल, न दिसल्यास स्पॅम पाहावे’ हे वाक्य पानावर घातल्यापासून फोनही पुष्कळ कमी झाले, आणि त्या ईमेलच्या विषयाच्या ओळीत व्यसनमुक्ती हा शब्द आम्ही येऊ देत नाही.