दुर्बिणीतून पित्ताशय काढताना भूल कोणती: पूर्ण की पाठीतून?

पित्ताशयाची दुर्बिणीची शस्त्रक्रिया पूर्ण भूल देऊनच करावी, हा बहुतेक ठिकाणचा प्रघात आहे. मात्र मणक्यात इंजेक्शन देऊन, रुग्ण जागा असतानाही ती करता येते. निवडीची खरी मेख पोटात भरल्या जाणाऱ्या वायूत आहे.

शल्यविशारदाला काम करायला जागा मिळावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात, आणि त्याचा दाब सहसा पाऱ्याच्या १२ ते १५ मिलिमीटरइतका असतो. या दाबाने श्वासपटल (छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू) वर ढकलले जाते, तर काही वायू रक्तात शोषला जाऊन फुप्फुसांवाटे बाहेर पडावा लागतो. पूर्ण भुलीत श्वासनलिकेत नळी असते, त्यामुळे भूलतज्ज्ञ यंत्रावर श्वासाची गती वाढवून हा वायू बाहेर काढतो. पाठीतून भूल दिलेल्या रुग्णाला हे काम स्वतःच्या श्वासाने करावे लागते. धडधाकट माणसाला ते सहसा जमते.

दुसरी अडचण रुग्णाला चकित करणारी असते. बेंबीजवळ छेद घेतलेला कळत नाही, पण उजवा खांदा ठणकू लागतो. ताणलेल्या श्वासपटलाची वेदना खांद्यात जाणवते, कारण त्याचा मज्जातंतू मानेतून निघतो; आणि पाठीतली भूल छातीच्या मध्यापर्यंत चढली तरी मानेपर्यंत पोहोचत नाही (तिने पोहोचूही नये). अशा वेळी वायूचा दाब ८ ते १० पर्यंत उतरवतात, शिरेतून वेदनाशामक देतात आणि तेवढ्यानेही भागले नाही तर पूर्ण भूल देतात. म्हणून उपाशी राहण्याचे नियम दोन्हींत सारखेच असतात.

पाठीतल्या भुलीचा लाभ शस्त्रक्रियेनंतर जाणवतो: नळीमुळे होणारी घशाची खवखव नसते, मळमळ बहुधा कमी असते आणि पहिले काही तास पोटाची वेदना दबलेली राहते. उलट रक्तदाब उतरणे, लघवी अडणे आणि क्वचित उठून बसल्यावर वाढणारी डोकेदुखी हे त्रास तिच्या वाट्याचे. रक्त पातळ करणारी औषधे चालू असणाऱ्यांना ती बरेचदा देता येत नाही. दम्यासारखा फुप्फुसांचा आजार असेल तर नळी टळते हे खरे. पण भूल छातीपर्यंत चढली की खोकण्याचे स्नायूही दुबळे होतात, हे सहसा कोणी सांगत नाही.

माझ्या मते, पित्ताशयाला सूज असेल, ते आजूबाजूला चिकटलेले असेल किंवा शस्त्रक्रिया लांबण्याची शक्यता असेल, तर पूर्ण भूलच घ्यावी. पाठीतली भूल पित्ताशयातल्या साध्या खड्यांसाठी, शांतपणे पडून राहू शकणाऱ्या रुग्णासाठी आणि या पद्धतीचा नित्य सराव असलेल्या चमूकडूनच घ्यावी. ती घेणार असाल, तर खांदा दुखू लागताच दात-ओठ खाऊन सोसत न बसता उशाशी उभ्या असलेल्या भूलतज्ज्ञाला लगेच सांगावे.