मापात शिवून देतो म्हणाला आणि तयार रेनकोट गळ्यात मारला

ठाण्यात कुत्रा पाळणाऱ्यांनी पावसाळ्याआधी हे वाचाच.

आमचा बंड्या देशी, वजन १८ किलो. छाती खोल, कंबर बारीक, त्यामुळे दुकानातले कपडे त्याला बसत नाहीत. मे महिन्यात उपवनला फिरताना एक जण भेटला. घरी येऊन माप घेतो, रेनकोट शिवून देतो म्हणाला. मी १,८०० रुपये आगाऊ दिले.

तो आला तेव्हा बंड्या बसलेला होता. तसाच बसलेला असताना त्याने पाठीवर टेप धरली, एकदा गळ्याला लावली, झालं. छातीचं काय, असं विचारलं तर म्हणाला, "ताई, वजन कळलं की छातीचा अंदाज येतो." मला पटलं नव्हतं, तरी मी गप्प बसले. याचंच जास्त वाईट वाटतं.

तीन आठवड्यांनी रेनकोट आला. आतल्या शिवणीत कापलेल्या लेबलचा तुकडा अडकला होता. म्हणजे तयार माल. पाठीला इतका लांब की शेपटी झाकली जायची, आणि छातीवर वेल्क्रो भिडत नव्हतं. ओढून लावून एक फेरी मारली, तर ओलं कापड घासून बंड्याच्या दोन्ही काखा सोलवटल्या. बिचारा दोन दिवस पाय फाकवून चालत होता.

फोन केला तर उत्तर मिळालं, "तुमचा कुत्राच जाड झाला." मापाचा कागद माझ्याकडे नव्हता, बोलणार काय? मग म्हणाला, पैसे परत देतो, हा क्यूआर स्कॅन करून पिन टाका. पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही, एवढं माहीत होतं म्हणून आणखी पैसे जायचे वाचले. त्यानंतर फोन बंद. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे. पैसे अजून आलेले नाहीत.

माप घरीच घ्या, कुत्रा चारही पायांवर सरळ उभा असताना, शिवणकामाच्या मऊ टेपने. पुढच्या पायांच्या लगेच मागे, छाती सर्वांत रुंद असते तिथला घेर आधी, कारण रेनकोट अडतो तो तिथेच. पट्टा बसतो तिथे गळा. मानेच्या मुळापासून शेपटीच्या मुळापर्यंत पाठ. टेपखाली दोन बोटं सरकली पाहिजेत. हे आकडे शिवणाऱ्याला मेसेजमध्येच पाठवा आणि त्याच्याकडून 'मिळाले' असं लिहून घ्या.

बंड्याचे आकडे आता त्याच्या लसीच्या वहीत मागच्या पानावर आहेत: छाती ६४, गळा ३८, पाठ ५६ सेंटिमीटर.