शब्बाथच्या पाराशासाठी कोणतं हसिदी पुस्तक हाताशी ठेवावं?

तोराचे (मोशेच्या पाच पुस्तकांचे) 54 पाराशे, म्हणजे शब्बाथला, शनिवारी, वाचायचे भाग, वर्षभरात वाचून होतात. सिम्हात तोरा या सणाला शेवटची ओळ संपते आणि त्याच दमात पुन्हा ‘बेरेशीत’ (उत्पत्ती) सुरू होतं. लहानपणापासून हे ऐकत आल्यामुळे कथा पाठ झाल्या, आणि अडचण नेमकी तिथेच सुरू झाली. अब्राहाम दरवर्षी घर सोडतो, योसेफला दरवर्षी भाऊ खड्ड्यात टाकतात, पण ऐकणाऱ्याच्या आत काही हलत नाही. हसिदी, म्हणजे पूर्व युरोपात अठराव्या शतकात उगवलेल्या ज्यू भक्तिपंथाच्या, निरूपणांकडे मी वळलो तो यामुळेच. तिथे ‘अब्राहाम कुठून निघाला’ यापेक्षा ‘तू कुठून निघणार आहेस’ हा प्रश्न मोठा असतो.

आपण बेने इस्राएल, म्हणजे कोकण-मुंबईचे मराठी ज्यू, काही हसिदी परंपरेतले नाही. सॅम्युएल दिवेकरांनी मुंबईत आपलं पहिलं सिनेगॉग, शार हारहमीम, उभारलं ते 1796 साली. त्याच वर्षी तिकडे पूर्व युरोपात स्लावुता गावात रब्बी श्नेउर झाल्मन यांचा ‘तान्या’ हा हसिदी विचाराचा पायाभूत ग्रंथ छापला गेला. दोन जगं एकमेकांपासून फार दूर होती, पण शनिवारी उघडायचा पाराशा दोन्हीकडे एकच होता. म्हणून या पुस्तकांत शिरताना मला परक्या घरी गेल्यासारखं वाटत नाही.

वर्षभरासाठी एकच पुस्तक निवडायचं असेल तर माझ्या मते चारांचा विचार करावा. त्यांची तुलना करायला एक ओळ पुरते. बेरेशीत 12:1 मध्ये देव अब्राहामाला म्हणतो, ‘लेख लेखा’: तुझ्या देशातून, तुझ्या जन्मभूमीतून, तुझ्या बापाच्या घरातून निघ. तोराच्या गुंडाळीत स्वरचिन्हं नसतात, त्यामुळे हे दोन शब्द तिथे हुबेहूब सारखे दिसतात. लामेद-खाफ, लामेद-खाफ. पहिला म्हणजे ‘निघ’. दुसरा म्हणजे ‘तुझ्यासाठी’ किंवा ‘तुझ्याकडे’. हा दुसरा शब्द अर्थाला गरजेचा नाही, आणि गुरू बहुधा त्यालाच धरून बसतात.

बर्दिचेव्हचे रब्बी लेवी यित्झाक (निधन 1809) ‘केदुशत लेवी’त म्हणतात की माणूस कुठेही गेला तरी तो स्वतःच्या मुळाकडेच जात असतो. त्या जागी त्याच्या वाट्याच्या पवित्र ठिणग्या (देवाच्या प्रकाशाचे विखुरलेले कण) अडकून पडलेल्या असतात आणि त्या वर उचलणं हे त्याचं काम असतं. बदली झालेल्या, परमुलखात राहणाऱ्या माणसाने हे वाक्य वाचून पाहावं. लोकांची बाजू घेऊन थेट देवाशी भांडणारा हा गुरू, आणि त्याच्या लेखनालाही तशीच ऊब आहे. मात्र मधेच तो काब्बालाच्या, ज्यू गूढविद्येच्या, खोल पाण्यात शिरतो, तिथे नवख्याचा पाय टिकत नाही.

इझबित्झाचे रब्बी मोर्देखाय योसेफ लाइनर यांचं ‘मेई हाशिलोआख’ 1860 साली व्हिएन्नात छापलं गेलं. त्यांचा अर्थ सरळ आहे: स्वतःकडे जा. बाहेरच्या कशालाच खऱ्या अर्थाने जीवन म्हणता येत नाही, ते तुझ्या आतच सापडेल. वाचताना अंगावर काटा येतो. पण हेच पुस्तक पुढे पिन्हास पाराशात झिम्रीची बाजू समजून घेतं. ज्याला तोरा भरसभेत पाप करणारा म्हणून दाखवते, त्याच्या कृतीमागेही देवाची इच्छा असू शकते, आणि त्याला ठार मारणाऱ्या पिन्हासची दृष्टी तिथपर्यंत पोचली नाही, असं ते सुचवतं. एवढं धारदार पुस्तक पहिल्या वर्षी एकट्याने वाचू नये असं माझं स्पष्ट मत आहे. हलाखाची, म्हणजे धर्मनियमांची, पक्की बैठक असलेला वाचणारा सोबत असेल तरच घ्या.

लुबाविचचे रेबे (गुरू) मेनाखेम मेंडेल श्नेअरसन (1902–1994) यांचे ‘लिक्कुते सिखोत’ 39 खंडांचे आहेत. हबाद या त्यांच्या शाखेच्या पद्धतीत त्या ओळीतला शब्द न् शब्द उलगडतो. ‘आर्त्सेखा’, तुझा देश, हा शब्द ‘रात्सोन’ म्हणजे इच्छेशी जोडलेला. जन्मभूमी म्हणजे जन्मापासूनचे स्वभाव आणि सवयी. बापाचं घर म्हणजे बुद्धी. निघायचं ते या तिन्हींच्या पलीकडे, आत्म्याच्या मुळाकडे. मांडणी शिस्तीची आहे: राशी या मध्ययुगीन भाष्यकाराच्या भाष्यातली एखादी खटकणारी जागा पकडायची, प्रश्नांवर प्रश्न रचायचे आणि मग एकाच उत्तराने सगळे सोडवायचे. हिब्रू कच्ची असेल, इंग्रजीतून वाचायचं असेल, तर सर्वांत सोपी वाट हीच, कारण भाषांतरं भरपूर आहेत. मला मात्र कधी कधी वाटतं की इथे सगळं फारच नीट सुटतं. काही आठवड्यांत मला उत्तर नको असतं, प्रश्नासोबत थोडं बसायचं असतं.

आणि ‘सेफात एमेत’. वॉर्सोजवळच्या गेरचे रब्बी येहुदा आर्ये लेब आल्टर 1847 ते 1905 या काळातले. आईवडिलांविना वाढलेल्या या मुलाला आजोबांनी घडवलं, आणि पानोपानी तो त्यांचं वचन आठवतो. ‘लेख लेखा’बद्दल त्यांना एक गोष्ट खटकते. याआधी अब्राहामाची थोरवी तोराने कुठेच सांगितलेली नाही, मग देवाने त्यालाच का बोलावलं? ते म्हणतात, ही हाक सगळ्यांना, सदासर्वकाळ दिली जात आहे. अब्राहामाने ती ऐकली, हीच त्याची थोरवी. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या शनिवारी पुढचं पान उलटलंच नाही. त्यांचा दुसरा लाडका विचार ‘नेकुदा पेनिमीत’, आतला बिंदू. प्रत्येक वस्तूत देवाच्या जीवनशक्तीचा बिंदू झाकलेला असतो आणि शब्बाथला त्याच्यावरचं आवरण पातळ होतं.

हे तुकडे बहुतेक छोटे असतात, अर्धं-एक पान. पण ते कोरडे, घट्ट, आणि मिद्राश (प्राचीन निरूपणं) व झोहार (काब्बालाचा ग्रंथ) यांचे संदर्भ अर्ध्यावर सोडणारे. पहिले दोन महिने कळत नाही. तरीही मी याचीच शिफारस करीन, कारण तेच चार-पाच विचार वर्षभर नव्या बाजूंनी येत राहतात, आणि एखादा अभंग गुणगुणता गुणगुणता उमगावा तसे ते उमगतात.

‘एश कोदेश’चं नाव मी या चारांत मुद्दाम घेतलं नाही. पियासेत्स्नोचे रब्बी कालोनिमस काल्मन शापिरा यांनी वॉर्सोच्या घेट्टोत 1939 ते 1942 या काळात दिलेली ही प्रवचनं जमिनीत पुरून ठेवली होती. ती युद्धानंतर सापडली आणि 1960 साली छापली गेली. रब्बींना 1943 साली नाझींनी मारलं. 1939च्या हाये सारा पाराशात, स्वतःचा मुलगा गमावून काही आठवडेच झालेले असताना, ते म्हणतात की मोशेने साराचा, इसहाकाच्या आईचा, मृत्यू इसहाकाच्या बलिप्रसंगाला लागून लिहिला तो आपली कड घेऊन: दुःख सोसण्यापलीकडे गेलं की जीवच जातो, हे देवाला दाखवण्यासाठी. घरात दुःख आलेलं असेल तेव्हा हे पुस्तक जवळ असावं. दर आठवड्याच्या रतीबाला ते लावू नये.

एक व्यवहाराची गोष्ट. मूळ हिब्रू मजकूर सेफारिया या संकेतस्थळावर मोफत मिळतो, पण शब्बाथला स्क्रीन उघडायची नाही. शुक्रवारी दुपारीच मी तुकडा छापून घेतो आणि दिवा लावून झाल्यावर वाचतो. ‘सेफात एमेत’मध्ये प्रत्येक पाराशाखाली हिब्रू सालांप्रमाणे तुकडे लावलेले आहेत, 5631पासून 5665पर्यंत. मी दरवर्षी एकच साल धरतो. एखाद्या पाराशावर त्या सालचं काही नसेल तर त्या शनिवारी नुसता पाराशा. सध्या माझं 5635 चालू आहे.