सीसी बघायचे की हॉर्सपॉवर?

छोटी स्पोर्ट्स कार घ्यायची म्हटली की चर्चा या दोन आकड्यांवरच अडते. मी आधी वेगळंच विचारतो: ही ताकद किती आरपीएमला, म्हणजे इंजिनाच्या मिनिटाला किती फेऱ्यांना मिळते?

होंडा एस२००० बघा. अमेरिकेत ही गाडी आधी १९९७ सीसीची होती, २००४ पासून २१५७ सीसीची झाली. हॉर्सपॉवर मात्र दोन्हींची २४०च. मग वाढलेले १६० सीसी गेले कुठे? जुन्या इंजिनाचा सगळा जोर ८३०० आरपीएमला लागतो, नव्याचा ७८०० ला. टॉर्क, म्हणजे इंजिनाची फिरवायची ओढ, २०८ वरून २२० न्यूटन मीटर झाला, तोही हजारभर आरपीएम आधी. चालवताना याचा अर्थ असा की जुन्या गाडीत आरपीएमचा काटा सहा हजारांच्या खाली असेल, तर ओव्हरटेक करायला गिअर पाडावाच लागतो. नवी त्याच गिअरमध्ये जरा बरी ओढते. पण नऊ हजारांपर्यंत किंचाळणारं इंजिन हवं म्हणूनच तर लोक ही गाडी घेतात! त्यांना जुनीच आवडणार, आणि त्यात चूक काही नाही.

माझदा एमएक्स-५ मध्ये याच्या उलट घडलं. इंजिन तेच दोन लिटरचं, पण २०१९ च्या मॉडेलला ते ७५०० पर्यंत फिरू दिलं आणि हॉर्सपॉवर १५५ ची १८१ झाली. टॉर्क जेमतेम वाढला. म्हणजे शहरात, अर्ध्या ॲक्सिलरेटरवर, हे जास्तीचे २६ घोडे फारसे भेटतच नाहीत. इंजिन ताणायची सवय नसेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. गाडी मुळात हजार-अकराशे किलोची, १५५ मध्येही मजा येते.

टोयोटा ८६ च्या बाबतीत मात्र मी सरळ मोठं इंजिन घ्या म्हणेन. दोन लिटरवाल्या जुन्या गाडीत २०५ न्यूटन मीटर टॉर्क ६४०० च्या पुढे मिळायचा आणि मध्येच, चार हजारांच्या आसपास, गाडी मरगळायची. तिच्या नव्या पिढीच्या, जीआर८६ च्या, २.४ लिटर इंजिनात २५० न्यूटन मीटर ३७०० लाच हाताशी येतो. हॉर्सपॉवरही २०० ची २२८ झाली, पण रोज जाणवतो तो टॉर्क.

टर्बो (इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंप) असेल तर सीसीवरून काहीच ठरवू नका. ट्रायलला मात्र तिसऱ्या गिअरमध्ये २५०० वरून पूर्ण ॲक्सिलरेटर देऊन बघा, ओढ लगेच येते की उशिरा.