फी मिरगात, शिष्यवृत्ती शिमग्यात: इथे शिकावं की बाहेर, आणि कुणाच्या पैशावर?

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या. आंब्याचे पैसे आले तसे खतवाल्याच्या, फवारणीच्या आणि गुरख्याच्या हिशोबात गेलेले. कोकणातल्या घरात रोकड नसण्याचे हे दोन महिने, आणि कॉलेजच्या प्रवेशाची फी भरायचेही हेच. देवगड तालुक्यातल्या एका पडवीत मी दोन मुलांचे कागद मांडून बसले होते. मोठी मुलगी रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात शेवटच्या वर्षाला, धाकटा बारावी सायन्स. मी एकेका योजनेची रक्कम वाचून दाखवत होते, तर त्यांच्या आईने मध्येच थांबवलं. "बाई, पैसे मागसून गावतले म्हणतास, पण फी आधी खंयसून भरूची?"

तेव्हापासून मी शिष्यवृत्त्यांची तुलना रकमेवरून करणं सोडलं. आधी बघायचं पैसे हातात कधी पडतात. मग बघायचं त्याला दोरी कुठली बांधलेली आहे. रक्कम तिसरी. वीस वर्षं शिकवते आहे. रकमेला भुललेली आणि तारखेला अडलेली मुलं भरपूर पाहिली. दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी राज्यात वर असतो, पेढे वाटले जातात, आणि त्या गुणांवर मिळणारे पैसे मात्र अर्जच न केल्यामुळे राहून जातात.

बारावीनंतर, इथल्या इथे

धाकट्यापुढे तीन वाटा होत्या. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या राज्याच्या योजना, केंद्राची कॉलेज विद्यार्थ्यांसाठीची शिष्यवृत्ती, आणि मूलभूत विज्ञान घेतलं तर इन्स्पायर.

महाडीबीटीवर खुल्या गटासाठी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर शिक्षण शुल्काचा अर्धा भार सरकार उचलतं. अनुसूचित जाती, ओबीसी, भटक्या-विमुक्त यांच्या योजना वेगळ्या आणि बहुधा जास्त उदार. व्यावसायिक अभ्यासक्रमाला रीतसर प्रवेश फेरीतून गेलेल्या ओबीसी, एसईबीसी (सामाजिक-शैक्षणिक मागास) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) गटातल्या मुलींना २०२४-२५ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं, मर्यादा तीच ८ लाखांची. हे सगळं चांगलंच आहे. पण हे फीचे पैसे. मुंबईतली कॉट आणि मेसचा डबा त्यात येत नाही, आणि देवगडच्या मुलाला खरा खर्च तोच. राहण्याजेवणासाठी स्वाधार, पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता अशा योजना वेगळ्या शोधाव्या लागतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलाला स्वाधारमधून मुंबई-पुण्यात वर्षाला ६०,००० रुपये मिळू शकतात. मी तर म्हणेन, फीच्या योजनेआधी ही योजना बघा.

केंद्राच्या शिष्यवृत्तीचे पदवीला वर्षाला १२,००० रुपये. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत हवं आणि बोर्डात गुणानुक्रमे वरच्या वीस टक्क्यांत यायला हवं. रक्कम लहान, पण ती थेट मुलाच्या खात्यात येते. एक गाठ लक्षात ठेवा: ही घेतली तर दुसरी शिष्यवृत्ती किंवा फीची परतफेड सोबत चालत नाही. त्यामुळे इंजिनिअरिंगला जाणाऱ्याने फीची योजना धरावी, आणि गावाजवळच्या अनुदानित कॉलेजात कमी फीत बीए-बीकॉम करणाऱ्याने हे १२,००० धरावेत.

इन्स्पायरची गोष्ट वेगळी. बोर्डातल्या वरच्या एक टक्क्यातल्या आणि मूलभूत विज्ञानाला गेलेल्या मुलांना वर्षाला ८०,००० रुपये. त्यातले ६०,००० हाती, आणि २०,००० उन्हाळ्यात एखाद्या संशोधकाबरोबर प्रकल्प केल्यावर. फार्मसी-इंजिनिअरिंगला हे नाही. आमच्याकडे असा मुलगा निघाला की घरचे सगळे त्याला इंजिनिअरिंगला ढकलतात आणि ८०,००० ची शिष्यवृत्ती सोडून अर्ध्या फीच्या मागे धावतात. आवड भौतिकशास्त्राची असेल तर हा हिशोब एकदा तरी कागदावर मांडा.

आता एक चटका बसलेली गोष्ट. माझ्या एका विद्यार्थिनीचा अर्ज मंजूर झाला, पोर्टलवर पैसे जमा झाल्याचं दिसत होतं, आणि पासबुकात दमडी नाही. आम्ही तीन महिने कॉलेजच्या क्लार्कला दोष देत बसलो. आधारवर जमा होणारे पैसे अर्जात लिहिलेल्या खात्यात जात नाहीत. आधारशी शेवटचं जे खातं जोडलेलं असेल त्यात जातात. तिच्या आईने मध्यंतरी गॅसच्या सबसिडीसाठी मुलीच्या नावाने दुसऱ्या बँकेत खातं उघडून आधार जोडला होता. पैसे तिथे आरामात पडून होते. अर्ज करायच्या आधी बँकेत जाऊन एवढं विचारा, की माझा आधार सध्या कुठल्या खात्याला लागला आहे.

पदवीनंतर: इथला फेलो की तिथला विद्यार्थी

मोठीचं प्रकरण जास्त गुंतागुंतीचं. इथे राहायचं तर आयसीएआरची (भारतीय कृषी अनुसंधान परिषद) प्रवेश परीक्षा देऊन वर्सोव्याच्या केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत एमएफएससी, म्हणजे मत्स्यशास्त्रातलं मास्टर्स, आणि गुणवत्तेत आली तर विद्यावेतन. हे तिच्या घराला परवडणारं आणि विषयाला धरून असलेलं.

इतर शाखांच्या मुलांसाठी इथल्या रकमा सांगते, कारण त्या ऐकून पालक चकित होतात. गेट परीक्षेतून एमटेकला गेलं तर महिना १२,४०० रुपये. नेट किंवा सीएसआयआरच्या परीक्षेतून जेआरएफ, म्हणजे कनिष्ठ संशोधन फेलोशिप, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,०००, दोन वर्षांनी ४२,०००, शिवाय घरभाडे भत्ता. पंतप्रधान संशोधन फेलोशिपमध्ये सुरुवातच ७०,००० पासून, पण ती मोजक्या संस्थांत. पीएचडीसाठी राज्याच्या संस्थांच्याही फेलोशिप आहेत: अनुसूचित जातींसाठी बार्टी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती, मराठा समाजासाठी सारथी. सारथीच्या लक्ष्यगटात कुणबीही आहेत, आणि रत्नागिरीतली कुणबी मुलं हे नाव ऐकूनच पान उलटतात. उलटू नका. इथल्या फेलोशिपला एकच खोड: रुजू झाल्याचा अहवाल, मार्गदर्शकाची सही, बँकेची पडताळणी यांत पहिले काही महिने कोरडे जाऊ शकतात. तेवढ्या महिन्यांचं भाडं हाताशी ठेवून निघावं.

परदेशाच्या पूर्ण शिष्यवृत्त्या रकमेने मोठ्या आहेतच, आणि पैसेही वेळेवर देतात, कारण व्हिसाच त्यावर अवलंबून असतो. अडचण दुसरीकडे आहे. ब्रिटनची चेव्हनिंग एक वर्षाच्या मास्टर्ससाठी फी, निर्वाह, विमान सगळं देते, पण २,८०० तासांचा कामाचा अनुभव मागते, म्हणजे साधारण दोन वर्षं. अर्धवेळ आणि स्वयंसेवी कामही त्यात मोजतात हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू मास्टर्स त्याहून कडक: तीन वर्षांचा नोकरीचा अनुभव, आणि चार वर्षांची पदवी किंवा तीन वर्षांच्या पदवीवर मास्टर्स. म्हणजे कालच बीकॉम झालेल्या मुलाने त्यासाठी रात्री जागू नये.

युरोपची इरास्मस मुंडुस मात्र ताज्या पदवीधराला उघडी आहे. दोन किंवा अधिक देशांत मिळून मास्टर्स, फी माफ, महिना १,४०० युरो, जास्तीत जास्त २४ महिने. अर्ज साधारण ऑक्टोबर ते जानेवारी. आमच्या मुलीला लागू पडणारी पूर्ण शिष्यवृत्ती हीच. स्पर्धा साऱ्या जगाशी, पण अर्जाला फी नाही, आणि नाही मिळाली तर वर्सोवा आहेच.

अनुसूचित जातीच्या, तसंच भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागिरांच्या घरातल्या मुलांनी केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती बघावी. वर्षाला १२५ जागा, उत्पन्न ८ लाखांपर्यंत, वय ३५ च्या आत, आणि विद्यापीठ क्यूएस या जागतिक क्रमवारीत पहिल्या ५०० मध्ये हवं. कारागीर आणि भूमिहीन या दोन शब्दांवर बोट ठेवून सांगते, कारण आमच्याकडे ही योजना फक्त एकाच गटाची समजून बाकीचे बाजूला होतात. त्यांच्या वाट्याला जागा थोड्याच येतात, पण अर्ज करणारेही थोडेच. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातींसाठी वेगळी आहे. दोन्हीकडे अर्ज करावा.

आता दोरीबद्दल. चेव्हनिंगवाल्याला शिक्षण संपल्यावर दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं. फुलब्राइटचा व्हिसाही असाच, दोन वर्षं घरी काढल्याशिवाय तिकडे कायमचं जाता येत नाही. इरास्मसला असं बंधन नाही. ज्याला तिकडे नोकरी करून घराचं कर्ज फेडायचं आहे त्याला हा फरक १,४०० युरोंपेक्षा मोठा. आणि ज्याला परतायचंच आहे त्याला ही अट मुळी अटच नाही. दापोली तालुक्यातल्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९६ साली सरकारी शिष्यवृत्तीवर केंब्रिजला गेले, १८९९ मध्ये सीनियर रँग्लर, म्हणजे तिथल्या गणिताच्या परीक्षेत पहिले, झाले, असं करणारे पहिले भारतीय. मोठ्या नोकऱ्या सहज मिळाल्या असत्या. पण डेक्कन एज्युकेशन सोसायटीला शब्द दिलेला होता, म्हणून ते पुण्याला येऊन फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला लागले. शब्द आधी दिलेला असला की अटीचं ओझं वाटत नसावं.

कर्ज नावाची शिष्यवृत्ती, आणि सातबारा

पूर्ण शिष्यवृत्ती नाही मिळाली तर? 'लोन स्कॉलरशिप' हा शब्द ऐकून आमचे लोक स्कॉलरशिप एवढंच ऐकतात. ते कर्जच आहे. पण बँकेच्या कर्जापेक्षा पुष्कळ सौम्य. के. सी. महिंद्रा ट्रस्टचं बिनव्याजी आहे. जे. एन. टाटा एंडाउमेंट तर १८९२ पासून चालू आहे, आणि तिचे पहिले दोन मानकरी म्हणजे दोन स्त्री-डॉक्टर होत्या. त्यातल्या एक कृष्णाबाई केळवकर. आजही मुलींना एवढ्या लांब पाठवायला कां-कूं करणाऱ्या घरांत मी हे नाव मुद्दाम घेते.

बँकेकडे गेलात तर साडेसात लाखांच्या वर तारण मागतात, आणि तिथे कोकणातली गाडी अडते. जमीन आहे, कलमं आहेत, घर आहे; पण सातबाऱ्यावर चाळीस नावं. त्यातली दहा मुंबईला, चार वारलेली आणि वारस लावलेले नाहीत. सामाईक जमीन बँक तारण घेत नाही. पुण्याच्या माणसाला फ्लॅटवर वीस लाख सहज मिळतात, आणि इथे पाच एकर हापूसचा मालक हात हलवत परत येतो. म्हणून बिनव्याजी ट्रस्टच्या रांगेत आधी उभं राहा. बँक शेवटी.

'जर्मनीत फी नाही' हे वाक्यही तपासून घ्या. बहुतेक सरकारी विद्यापीठांत नाही, हे खरं. पण व्हिसासाठी सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो अडकवून ठेवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. म्हणजे दहा लाखांहून जास्त रुपये, आणि तेही निघण्याआधी. पहिल्या प्रश्नावरच, म्हणजे पैसे कधी लागतात यावर, ही वाट आमच्या बहुतेक घरांना बंद होते. शिष्यवृत्ती असेल तर गोष्ट निराळी.

कुठल्याही 'खात्रीशीर शिष्यवृत्ती'साठी कुणी आधी नोंदणीचे पैसे मागितले तर फोन ठेवून द्या. वर सांगितलेल्या चेव्हनिंग, फुलब्राइट, इरास्मस यांच्या अर्जाला दमडी लागत नाही.

तर त्या पडवीत ठरलं ते असं. मोठी आयसीएआरची परीक्षा देणार आणि ऑक्टोबरपासून इरास्मसचे दोन अर्ज करणार. तिसरा नको, कारण प्रत्येकाला वेगळं प्रयोजनपत्र आणि दोन प्राध्यापकांची शिफारस लागते, आणि प्राध्यापक पावसाळ्यानंतर सापडत नाहीत. धाकट्याचे गुण वरच्या एक टक्क्यात बसले तर बीएससी आणि इन्स्पायर, नाहीतर इंजिनिअरिंग आणि फीची योजना.

राहता राहिला उत्पन्नाचा दाखला. त्याची मुदत ३१ मार्चला संपते, म्हणून फेब्रुवारीत काढलेला जूनमध्ये रद्दी होतो. पुढच्या वर्षीचा एप्रिलमध्ये काढा, असं मी म्हटलं, तर त्यांची आई माझ्याकडे बघत राहिली.

"एप्रिलात आंबो उतरवूचो का दाखलो काढूचो?"

मी म्हटलं, पेट्यांचा टेम्पो तहसील कचेरीवरूनच जातो.