गॅस गिझर, अकरा महिने: जागा निवडण्यात आमचं काय चुकलं आणि काय जमलं

गेल्या दिवाळीच्या तोंडावर आम्ही सहा लिटरचा गॅस गिझर घेतला. कोल्हापूरच्या राजारामपुरीतली चार मजल्यांची जुनी इमारत, आमचा तिसरा मजला. घरात हे, मी, मुलगी आणि सासूबाई. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आयएसआयचा शिक्का बघून घ्या, पण त्याहून जास्त विचार तो कोणत्या भिंतीवर टांगायचा याचा करा.

बसवायला आलेला मिस्त्री थेट बाथरूमच्या दारावरची जागा दाखवायला लागला. "वहिनी, हितंच लावू. पाइप कमी लागतोय, पाणी लगेच गरम. समदी हितंच लावत्यात." मी होही म्हणून बसले होते. थांबवलं सासूबाईंनी. त्यांच्या माहेरी कागलला तांब्याचा बंब होता, तो परड्यात असायचा आणि पावसाळ्यात पडवीत. "बंब कधी न्हाणीत ठेवत न्हाईत गं," एवढंच त्या म्हणाल्या.

बंबाचा धूर निदान डोळ्यांना झोंबतो. गॅस अर्धवट जळला की होणारा कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो, तो गळती कळावी म्हणून मुद्दाम मिसळलेला असतो. जळून गेल्यावर तो राहत नाही. मी हिशोब मांडला. सहा लिटरचा गिझर मिनिटाला साधारण १६ ग्रॅम गॅस खातो. एक किलो गॅस पूर्ण जळायला १२ ते १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे दहा मिनिटांच्या आंघोळीला दोन घनमीटर. आमचं बाथरूम सगळं मिळून आठ घनमीटरचं. दार बंद, वर वाफ, आणि चौथा हिस्सा हवा ज्योतीनं ओढून घेतलेली. हवा कमी पडली की ज्योत नीट जळत नाही, आणि कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं जड होतं, मळमळतं, मग माणूस आतच कोसळतो आणि कडी आतून लावलेली असते. आमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस आहे. बाथरूमचा विषय मी तिथंच संपवला.

स्वयंपाकघरही बघितलं. पण तिथं चिमणी आहे. ती सुरू असताना खोलीतली हवा बाहेर फेकते आणि गिझरचा धूर उलटा आत ओढला जाऊ शकतो. शेवटी ड्राय बाल्कनी ठरली.

तिथंही चूक झालीच. बाल्कनीच्या ग्रिलला आम्ही आधीच सरकत्या काचा बसवलेल्या होत्या, आणि बाथरूमचा काचपट्ट्यांचा झरोका त्याच बाल्कनीत उघडतो. गिझर बरोबर त्या झरोक्याशेजारी लागला. भावाच्या आग्रहाखातर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घेतला होता, तो बाथरूमबाहेरच्या पॅसेजमध्ये टांगला. जानेवारीत एका गार सकाळी वारा नको म्हणून काचा लावून घेतलेल्या, आणि चौघांच्या आंघोळी लागोपाठ चाललेल्या. शेवटची मुलगी आत असताना अलार्म वाजला. आकडा ६४ पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६४ भाग कार्बन मोनॉक्साइड. असे अलार्म ५० पीपीएमला तास-दीड तासानं आणि ३०० ला तीन मिनिटांच्या आत वाजतात, म्हणजे आमच्याकडे ते बराच वेळ साचत होतं. गिझर बंद केला, दारं-खिडक्या उघडल्या, मुलीला मोकळ्या हवेत बसवलं. तिचं डोकं दुखत होतं, तासाभरानं ती ठीक झाली. तो तास मी विसरणार नाही.

त्याच आठवड्यात एक काच कायमची काढून टाकली. उद्यमनगरातून स्टीलचा धुराचा पाइप करून आणला आणि तो ग्रिलच्या बाहेर, झरोक्यापासून लांब काढला. त्यानंतर अलार्मचा आकडा शून्यावरून हललेला नाही.

सिलिंडरही तिथंच ठेवावा लागला, कारण सुरक्षा होज (गॅसची रबरी नळी) दीड मीटरपेक्षा लांब लावायचा नसतो. तो गिझरच्या बरोबर खाली नको, बाजूला आणि उभाच हवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर पाण्यासारखा खाली साचतो. आमच्या बाल्कनीला कंबरेएवढा भरीव कठडा आहे, म्हणून मिस्त्रीकडून तळाशी जाळी पाडून घेतली. हे मला सगळ्यात उशिरा सुचलं, खरं तर पहिल्या दिवशी सुचायला हवं होतं.

भाऊ शिकागोजवळ राहतो. त्याच्या तळघरात घर उबदार ठेवणारी गॅसची भट्टी आहे. तो सांगतो की तिकडची काही मॉडेलं उभी, उलट्या प्रवाहानं खाली हवा सोडणारी किंवा आडवी अशी बसवता येतात, पण माहितीपुस्तिकेत लिहिलं असेल तेवढ्याच स्थितींत, आणि पाठीवर झोपवून सहसा नाहीच. त्याच्या भट्टीला ज्योतीसाठीची हवासुद्धा पाइपनं बाहेरून येते. आपला साधा गिझर आजूबाजूचीच हवा घेतो आणि फक्त उभाच चालतो: बर्नर खाली, धुराचं तोंड वर. आडव्या-तिरक्या जागेत कोंबायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका.

जुलैत पश्चिमेचा वारा ग्रिलमधून घुसून ज्योत विझवायला लागला. ज्योत गेली की गॅस आपोआप बंद होतो, तेवढं चोख आहे, पण डोक्याला साबण असताना गार पाणी. ओळखीच्यांनी सुचवलं, अ‍ॅल्युमिनियमची पेटी करून घ्या. पेटी म्हणजे पुन्हा बंद खोलीच. त्यापेक्षा गिझर चार फूट आत, आडोशाच्या भिंतीवर हलवला. भोकं, पाइप, मजुरी पुन्हा भरली. पटलं.

बाकीचं थोडक्यात. चौघांच्या आंघोळीला सिलिंडर अडीच महिने जातो. स्वयंपाकाचा वेगळा. ठिणगीसाठीचे दोन मोठे सेल सात महिन्यांनी बदलले. एप्रिलमध्ये टाकीचंच पाणी तापलेलं असतं, तेव्हा बटण उन्हाळ्यावर ठेवूनही पाणी जरा कडकच येतं. वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे टाकी अगदी डोक्यावर असल्यानं दाब पुरत नाही आणि गिझर पेटतच नाही, त्यामुळे घेण्याआधी टाकीची उंची बघा. सप्टेंबरात ज्योतीचं टोक पिवळं दिसायला लागलं. वॉशिंग मशीन शेजारी असल्यानं बर्नरमध्ये कपड्यांचा कोंडा अडकला होता. साफ केल्यावर निळी झाली.

बाथरूम लांब पडल्यानं नळाला पहिलं लिटरभर पाणी गार येतं. ते मी बादलीत धरते आणि लादी पुसायला वापरते.